गाडी नेमकी कुठे अडली? इंटरनेटच्या वाटेचा माग काढण्याचा धडा



शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणून झाला आहे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मार्कलिस्ट सगळे टेबलावर मांडलेले आहे. अर्धा अर्ज भरून होतो आणि पडद्यावरचे चक्र गरगर फिरत राहते. पाच मिनिटे होतात, दहा होतात. मग घरात ठरलेली वाक्ये सुरू होतात. ‘नेट गेलं वाटतं.’ ‘साइटच बंद असणार, शेवटच्या दिवशी असंच होतं.’ ‘राउटर जुना झालाय, नवा आणू या.’ ‘ही कंपनीच तसली.’

यातले कोणतेही वाक्य खरे असू शकते. पण उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे. साइट बंद असेल तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. घरातली वायर सैल असेल तर ती नीट बसवायची. कंपनीची लाइन तुटली असेल तर मोबाइलच्या इंटरनेटवरून अर्ज पुरा करायचा किंवा जवळच्या सायबर कॅफेत जायचे. दुखणे कुठे आहे हे न पाहता औषध दिले तर दुखणे तसेच राहते, पैसे मात्र जातात. आणि इथे तर अर्जाची तारीखही जाते.

म्हणून या अंकातला धडा आहे अडलेल्या जागेचा शोध घेण्याचा. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. लागणाऱ्या आज्ञा विंडोजच्या प्रत्येक संगणकात आधीपासून असतात.

पाकिटांचा प्रवास

इंटरनेटवरून पाठवलेली माहिती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. आपण पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि पोहोचायचे त्याचा. हे पत्ते आकड्यांचे असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. वाटेत जागोजागी ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. प्रत्येक राउटर पाकिटावरचा पत्ता पाहतो आणि पुढच्या योग्य राउटरकडे ते ढकलतो. टपाल खात्यात पत्र जसे गावच्या पोस्टातून तालुक्याला, तिथून आर.एम.एस.मध्ये आणि तिथून दुसऱ्या शहरात जाते, तसाच हा प्रकार आहे. बेळगावच्या पोस्टमनला दिल्लीतली गल्ली माहीत असावी लागत नाही. पुढची थैली कोणती, एवढेच त्याला ठाऊक असले की पुरते.

राउटर ते राउटर या एका उडीला आपण ‘टप्पा’ म्हणू. आपल्या भागातून एखाद्या संकेतस्थळापर्यंत साधारण दहा ते वीस टप्पे लागतात. वाट अडते ती यांपैकी कुठल्यातरी टप्प्यावर. तो कोणता, हे ओळखायचे आहे.

टोल नाक्यांचा दाखला

आता निपाणीहून पुण्याला जाणारा महामार्ग डोळ्यांसमोर आणा. वाटेत क्रमाने टोल नाके लागतात: कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर. समजा, हे नाके कुठे आहेत ते तुम्हाला माहीत नाही आणि घरबसल्या ते शोधायचे आहेत. एक युक्ती करता येईल.

पहिल्या गाडीला फक्त एक कूपन द्या. नियम असा, की प्रत्येक नाक्यावर एक कूपन काढून घेतले जाईल आणि ज्या नाक्यावर गाडीची कूपने संपतील त्या नाक्याने गाडी तिथेच अडवून तुमच्या घरी फोन करायचा. पहिल्या गाडीचे कूपन कोगनोळीला संपेल. फोन येईल, ‘कोगनोळीहून बोलतोय, तुमच्या गाडीची कूपने संपली.’ दुसऱ्या गाडीला दोन कूपने द्या. ती कोगनोळी ओलांडून किणीला अडेल आणि किणीहून फोन येईल. तीन कूपनांची गाडी तासवड्याला, चार कूपनांची आनेवाडीला आणि पाच कूपनांची खेड-शिवापूरला अडेल. सहा कूपनांची गाडी थेट पुण्याच्या घरी पोहोचेल. गाडी सोडल्यापासून फोन येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजला, की कोणता नाका किती लांब हेही कळेल.

इंटरनेटच्या प्रत्येक पाकिटावर अशी कूपने खरोखर असतात. त्यांना ‘टाइम टू लिव्ह’ म्हणजे पाकिटाचे आयुष्य म्हणतात. प्रत्येक राउटर या आकड्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की राउटर ते पाकीट टाकून देतो आणि ‘आयुष्य संपले’ असा निरोप पाठवणाऱ्याला धाडतो. ही सोय मुळात वेगळ्या कारणासाठी आहे. पत्ता चुकलेले पाकीट जगभर कायमचे फिरत राहू नये म्हणून ती १९८१ सालच्या नियमांतच ठरवलेली आहे. त्या सोयीतून वाट शोधण्याची युक्ती पुढे निघाली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत काम करणारे व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून १९८८ साली ‘ट्रेसराउट’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याआधी १९८३च्या डिसेंबरात माइक म्युस यांनी ‘पिंग’ लिहिला होता. पाणबुडीतले सोनार यंत्र ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू ओळखते; त्या आवाजावरून हे नाव आले. दोन्ही प्रोग्रॅम जाळ्यातला बिघाड शोधता शोधता जन्माला आले आणि आजही जगभरचे तंत्रज्ञ तेच वापरतात.

पहिली पायरी: पिंग

माग काढण्यापूर्वी घराची तपासणी करू. विंडोजच्या स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकित करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिला ‘कमांड प्रॉम्प्ट’ म्हणतात. येथे माउसचे काम नाही. आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचे. सर्व आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या असतात.

प्रथम ‘आयपीकॉन्फिग’ (आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी) ही आज्ञा द्या. तुमच्या संगणकाचा पत्ता दिसेल आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावासमोर तुमच्या राउटरचा पत्ता दिसेल. तो वहीत लिहून घ्या. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर इथेच थांबा. राउटरकडून संगणकाला पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे दोष घरातच आहे.

यानंतर ‘पिंग’ (पी, आय, एन, जी) ही आज्ञा, मग एक जागा सोडून पत्ता, अशा क्रमाने चार प्रश्न विचारा.

१) पिंग १२७.०.०.१: हा पत्ता म्हणजे आपलाच संगणक. येथून उत्तर आले नाही तर संगणकातील व्यवस्थेतच बिघाड आहे.

२) पिंग आणि राउटरचा पत्ता: उत्तर आले नाही तर वायर, वाय-फाय किंवा राउटर यांपैकी एकात दोष आहे.

३) पिंग ८.८.८.८: हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे, २००९च्या डिसेंबरपासून तो सर्वांसाठी खुला आहे. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बिघाड बहुधा राउटरच्या पलीकडे कंपनीच्या लाइनवर आहे.

४) पिंग आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव: आकड्याला उत्तर मिळते पण नावाला ‘होस्ट सापडला नाही’ असा संदेश येतो, तर वाट ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था अडली आहे. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. रस्ता मोकळा आहे पण पत्ता सांगणारा जागेवर नाही, असे समजा. यासाठी नवा राउटर आणायची गरज नाही. राउटर एकदा बंद करून चालू केला किंवा डीएनएसचा पत्ता बदलला की पुष्कळदा काम होते.

या चार प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच उलगडतात.

दुसरी पायरी: ट्रेसर्ट

विंडोजमध्ये माग काढण्याच्या आज्ञेचे नाव आहे ‘ट्रेसर्ट’ (टी, आर, ए, सी, ई, आर, टी). तिच्यापुढे एक जागा सोडून संकेतस्थळाचे नाव किंवा पत्ता लिहायचा. आपल्या संगणक कक्षात कुठे लिनक्स असेल तर तिथे पूर्ण नाव लागते: टी, आर, ए, सी, ई, आर, ओ, यू, टी, ई. ‘ट्रेसर्ट’नंतर उणे चिन्ह आणि डी हे अक्षर लिहिले तर संगणक राउटरची नावे शोधत बसत नाही आणि काम लवकर होते. हल्ली पुष्कळ ठिकाणी, विशेषतः मोबाइल कंपन्यांच्या जोडणीवर, लांबलचक अक्षर-आकड्यांचे नव्या पद्धतीचे पत्ते दिसतात. जुन्या पद्धतीचे चार आकडी पत्ते पाहायचे असतील तर उणे चिन्ह आणि ४ लिहा.

पडद्यावर एकेक ओळ उमटू लागेल. नमुन्यादाखल सहा ओळी पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

ओळ १: १, १, २ मि.से. – १९२.१६८.१.१
ओळ २: ४, ५, ४ मि.से. – १०.२०.०.१
ओळ ३: *, *, * – उत्तर नाही
ओळ ४: १४, १३, १४ मि.से. – कंपनीचा मोठ्या शहरातला राउटर
ओळ ५: ६१, ५८, ६३ मि.से. – पुढचा राउटर
ओळ ६: १५, १५, १६ मि.से. – पोहोचलो

पहिला आकडा टप्प्याचा. नंतरचे तीन आकडे वेळेचे. प्रत्येक टप्प्याला तीन पाकिटे पाठवली जातात म्हणून तीन वेळा. मि.से. म्हणजे मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. हा जाऊन परत येण्याचा एकूण वेळ असतो. शेवटी राउटरचा पत्ता असतो. विंडोज जास्तीत जास्त तीस टप्प्यांपर्यंत प्रयत्न करते आणि थांबते.

वाचन कसे करायचे?

आज्ञा देणे सोपे आहे. खरा अभ्यास आलेल्या ओळी वाचण्याचा आहे. पुढच्या पाच खुणा वहीत उतरवून घ्या.

पहिली खूण: पहिल्याच ओळीत तारे (*) किंवा मोठे आकडे. पहिली ओळ आपल्या घरच्या राउटरची असते. वायरने जोडलेल्या संगणकावर तिथे एक-दोन मि.से. दिसायला हवेत. वाय-फायवर थोडे जास्त दिसतील. आकडे शंभरावर जात असतील तर राउटरजवळ जाऊन पाहा किंवा वायर लावून पाहा. दोन भिंतींच्या आड बसून कंपनीला फोन करू नका.

दुसरी खूण: पहिली ओळ ठीक, त्यापुढे सगळे तारे, आणि कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही. बिघाड बहुधा कंपनीच्या लाइनवर आहे. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला आहे का ते पाहा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या खोदकामात किंवा झाड पडून वायर तुटली असण्याची शक्यता असते.

तिसरी खूण: मध्येच एका ओळीत तारे, पण पुढच्या ओळी व्यवस्थित. यात काहीही बिघाड नाही. नमुन्यातली तिसरी ओळ अशीच आहे. काही राउटर पाकीट पुढे ढकलतात पण निरोप पाठवत नाहीत. त्यांना तशी सूचनाच दिलेली असते. नाकेवाल्याने फोन उचलला नाही म्हणून रस्ता बंद आहे असे होत नाही. शेवटच्या ओळींबद्दलही हेच लक्षात ठेवा. संकेतस्थळ उघडत असेल आणि शेवटी तारेच तारे असतील, तर समोरच्या संगणकाने सुरक्षेसाठी अशा चौकश्यांना उत्तर देणे बंद केले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चौथी खूण: मध्येच एका ओळीत मोठा आकडा. नमुन्यातल्या पाचव्या ओळीत ६१ दिसते, पण सहाव्या ओळीत पुन्हा १५. तेव्हा पाचव्या टप्प्यावर गर्दी नाही. तो राउटर पाकिटे वेगाने पुढे ढकलतो आहे, फक्त आपल्या चौकशीला उत्तर द्यायला त्याला सवड कमी आहे. आकडा एका ओळीपासून वाढला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच तो टप्पा संशयास्पद समजावा. नवशिके इथेच फसतात, म्हणून ही खूण दोनदा वाचा.

पाचवी खूण: तेच दोन पत्ते आळीपाळीने तीस ओळींपर्यंत येत राहतात. याला ‘लूप’ म्हणतात. एका कचेरीत म्हणतात, ‘हे काम त्यांच्याकडे.’ दुसरीकडे गेले की म्हणतात, ‘ते आमच्याकडे नाही, त्यांच्याकडेच जा.’ दोन राउटरांचे असे झाले की पाकीट त्यांच्यात हेलपाटे घालत राहते आणि शेवटी कूपने संपून तिथेच मरते. हा दोष त्या राउटरांच्या मालकांनीच दुरुस्त करावा लागतो.

आता नाक्यांच्या दाखल्याकडे एकदा परत जाऊ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. तेव्हा आपल्या गाड्या सोडल्या असत्या तर कोगनोळीहून फोन आला असता, किणीहून आला नसता. यावरून काय ठरले असते? अडथळा कोगनोळी आणि किणीच्या दरम्यान आहे. कोगनोळीच्या नाकेवाल्याचा दोष आहे असे मात्र ठरले नसते. उलट ज्याने उत्तर दिले तो तर शाबूत आहे. ट्रेसर्टही एवढेच सांगते: इथपर्यंत वाट चालू आहे, पुढचे दिसत नाही. शेवटचे उत्तर देणारा तो गुन्हेगार, असा निष्कर्ष काढू नये.

निपाणी ते कोल्हापूर, बंगळूरमार्गे

निपाणी ते कोल्हापूर अंतर सुमारे ४० किलोमीटर. एसटीने तासाभराचा प्रवास. पण निपाणीतल्या घरातून कोल्हापुरातल्या घराकडे निघालेले पाकीट याच रस्त्याने जाईल असे नाही. दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी असेल, तर त्या कंपन्यांच्या तारा जिथे एकमेकींना मिळतात तिथपर्यंत पाकिटाला जावे लागते. अशी मिळण्याची ठिकाणे मोठ्या शहरांत असतात. देशातल्या देशात पाकिटांची देवाणघेवाण व्हावी, ती परदेशात जाऊन परत येऊ नयेत, यासाठी २००३ साली ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिची सुरुवातीची केंद्रे नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे होती. त्यामुळे निपाणीचे पाकीट मुंबई किंवा बंगळूरसारख्या शहराला वळसा घालून कोल्हापुरात पोहोचण्याची शक्यता मोठी असते. पाकिटाला राज्याची हद्द कळत नाही. त्याला फक्त कंपनीची हद्द लागते.

याचे गणित करून पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मि.से.मध्ये २०० किलोमीटर. निपाणी–कोल्हापूर थेट वाट असती तर जाऊन-येऊन ८० किलोमीटर, म्हणजे ०.४ मि.से. पुरले असते. बंगळूरमार्गे जाणारी वाट एका बाजूची सुमारे १,२०० किलोमीटर, जाऊन-येऊन २,४००. तिला १२ मि.से. लागतील. राउटरांचा वेळ आणि तारेची वळणे यांमुळे प्रत्यक्षात आकडा आणखी वाढेल. म्हणजे पडद्यावर ०.४च्या आसपास न येता १५ किंवा २० दिसले, तर पाकीट कुठेतरी लांब जाऊन आले असा तर्क करता येतो. राउटरच्या नावातही कधी कधी शहराची खूण असते. विमानतळांची संक्षिप्त नावे त्यासाठी वापरतात: बी-ओ-एम म्हणजे मुंबई, बी-एल-आर म्हणजे बंगळूर, एम-ए-ए म्हणजे चेन्नई, एस-आय-एन म्हणजे सिंगापूर.

एक सावधगिरी इथे सांगितली पाहिजे. पाकीट ज्या वाटेने जाते त्याच वाटेने उत्तर परत येईल असे नसते. ट्रेसर्ट फक्त जाण्याची वाट दाखवते. वेळ मात्र दोन्ही वाटांचा मिळून असतो.

समुद्रातली तार

परदेशातल्या संकेतस्थळाचा माग काढलात तर एखाद्या ओळीपासून आकडा एकदम शंभर-दीडशेने वाढलेला दिसेल आणि पुढे तो तसाच राहील. तिथे पाकिटाने समुद्र ओलांडला. भारतातून जगाकडे जाणाऱ्या समुद्री तारा प्रामुख्याने मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. मुंबईतून पश्चिमेकडे निघालेल्या तारा अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त या वाटेने युरोपात जातात.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रात दोन मोठ्या तारा तुटल्या आणि भारतासह अनेक देशांचे इंटरनेट मंदावले. कंपन्यांनी पाकिटे पूर्वेकडून वळवली. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तारा तुटल्या, तेव्हाही भारतात परिणाम जाणवला. अशा दिवशी बेळगावात बसून राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नसतो. देशातली संकेतस्थळे झटपट उघडतात आणि परदेशातली अडतात, ही त्याची खूण. ट्रेसर्टच्या ओळींत ती स्पष्ट दिसते.

तक्रार कशी लिहावी?

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. ‘नेट चालत नाही’ एवढी तक्रार केली तर समोरून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्यांचेही चूक नाही; त्यांना आणखी काही कळलेलेच नसते. त्याऐवजी असे लिहा:

‘आज सकाळी ९ वाजल्यापासून जोडणी बंद आहे. संगणक वायरने राउटरला जोडलेला आहे. राउटर पिंगला १ मि.से.मध्ये उत्तर देतो. ८.८.८.८ला उत्तर येत नाही. ट्रेसर्टमध्ये पहिल्या ओळीनंतर सर्व तारे आहेत. डब्यावरचा लॉसचा दिवा लाल आहे. पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे.’

या सात वाक्यांत घरचा भाग तपासून झाला आहे हे कंपनीला कळते आणि माणूस थेट लाइन पाहायला निघतो. तक्रारीचा क्रमांक घ्यायला आणि तो तारखेसह लिहून ठेवायला विसरू नका. जोडणी ठीक असतानाही एकदा ट्रेसर्ट करून तिचा कागद जपून ठेवावा. निरोगी माणसाची नाडी माहीत असेल तरच ताप ओळखता येतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. शाळेतील इंटरनेट संथ झाले की नवे साहित्य घेण्याचा प्रस्ताव लगेच पुढे येतो. संस्थेचा पैसा गावाने दिलेला असतो. नव्या राउटरचा खर्च मंजूर करण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे सकाळी, दुपारी आणि सर्व वर्ग संगणकावर असताना, घेतलेल्या ट्रेसर्टचे कागद मागून घ्यावेत. पहिल्या ओळीतच वेळ जात असेल तर आपले साहित्य किंवा वायरिंग तपासणे योग्य ठरेल. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून वेळ वाढत असेल तर नवा राउटर कितीही महाग घेतला तरी फरक पडणार नाही. तिथे कंपनीशीच बोलावे लागेल. हे कागद आठवी-नववीचे विद्यार्थी तयार करू शकतात. त्यांना ते काम द्यावे.

स्वाध्याय

१) घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर चारही पिंग करून उत्तरे वहीत लिहा.

२) विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावात आहे आणि शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात. दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांचा माग काढा. टप्पे किती? शेवटच्या उत्तराचा वेळ किती? विद्यापीठ जिथे आहे तिथेच त्याच्या संकेतस्थळाचा संगणक असतो असे गृहीत धरू नका. वेळेवरून तर्क करा आणि कारण लिहा.

३) तीच आज्ञा सकाळी सात वाजता आणि रात्री नऊ वाजता द्या. कोणत्या ओळीपासून फरक पडतो?

४) दोन घरांत वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी असलेल्या दोन मित्रांनी एकाच संकेतस्थळाचा माग काढून ओळी शेजारी ठेवाव्यात. वाटा कुठे वेगळ्या होतात आणि कुठे एकत्र येतात, ते पाहा.

५) मुंबई ते लंडन तारेची लांबी १०,००० किलोमीटर धरली, तर जाऊन येण्यास कमीत कमी किती मि.से. लागतील? गणित मांडून दाखवा.

एक नियम सर्वांसाठी: दुसऱ्याच्या संगणकावर किंवा संकेतस्थळावर सतत पिंगचा मारा करू नये, आणि आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता अनोळखी लोकांना देऊ नये. वह्या पुढच्या संगणक तासाला आणाव्यात. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे; चौघांनी मिळून एक वही केली तरी चालेल.